बी.ए.च्या वर्गातलं भाषाविज्ञान

बी.ए.ला मराठी स्पेशल घेतलेल्यांना भाषाविज्ञानाचा पेपर सहसा विसरता येत नाही. कवितेच्या, कादंबरीच्या ओढीने आलेल्या मुलांसमोर अचानक स्वन, स्वनिम, रूपिका असे शब्द येतात. मुलं गाइड आणतात, व्याख्या पाठ करतात, सुटतात. मी मिरजेची. हा पेपर आधी मी दिला आणि पुढे नोकरीत वर्षानुवर्षं शिकवला. त्याच्यावर माझा जीव आहे, म्हणून तो आपल्या वर्गात कुठून आला आणि येताना वाटेत काय गळलं, ते लिहिते आहे.

त्याचा माग काढत गेलं की आपण येरवड्याला डेक्कन कॉलेजात पोचतो. 1821 साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच हे पुढचं रूप. जमशेटजी जीजीभायांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत कॉलेज 1868 साली गेलं. तिथे कीलहॉर्न आणि त्यांच्यामागून रा. गो. भांडारकर संस्कृत शिकवत. त्याच भांडारकरांनी 1877 साली मुंबईत विल्सन व्याख्यानं दिली आणि संस्कृतपासून आजच्या बोलींपर्यंतची वाट दाखवली. टिळक, आगरकर या कॉलेजचे पदवीचे विद्यार्थी. मुद्दा हा की तेव्हा एवढे मोठे पंडित अठरा-वीस वर्षांच्या पोरांसमोर उभे राहत होते.

1934 साली सरकारने कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि 1939 साली दारं पुन्हा उघडली ती पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. पदवीचे वर्ग गेले ते गेलेच. या फेरबदलातून महाराष्ट्राला सु. मं. कत्रे, इरावती कर्वे, सांकलिया यांचं काम मिळालं, ते अमोल आहे. पण भाषेचं शास्त्र बी.ए.च्या वरच्या मजल्यावर राहायला गेलं. माझ्या मते त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

पन्नासच्या दशकात एक मोठी गोष्ट घडली. कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून 1954 पासून भाषाविज्ञानाच्या शाळा भरू लागल्या. देशभरातले तरुण प्राध्यापक सुट्टीत काही आठवड्यांसाठी यायचे. शिकवायला सुनीतिकुमार चटर्जींसारखे आपले लोक होते, तसे फर्ग्युसन, गम्पर्झ, ब्राइट हे अमेरिकन अभ्यासकही होते. अमेरिकन पद्धतीचा गाभा साधा होता. एखादी भाषा बोलणारा जिवंत माणूस समोर बसवायचा, त्याला विचारायचं, ऐकलेलं लिपीत उतरवायचं आणि त्या कागदांतून नियम शोधायचा. व्याकरण आधी पुस्तकातून शिकायचं नाही.

इथून मराठीत बरंच पिकलं. अशोक केळकरांनी कॉर्नेलला जाऊन मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर 1958 साली पीएच.डी. मिळवली. घाटग्यांनी बोलींची पाहणी हाती घेतली. कुडाळीवरचं त्यांचं पुस्तक 1965चं, कासरगोडच्या मराठीवरचं 1970चं. भालचंद्र नेमाडे डेक्कनमध्ये भाषाविज्ञानात एम.ए. झाले आणि पुढे मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर आले. त्यांच्याआधी वसंत बापट तिथे होते. तेही अध्यासन पदवीच्या वरचंच, आणि तौलनिक साहित्य तर आमच्या बी.ए.ला नावापुरतंसुद्धा नव्हतं.

बी.ए.च्या मुलाचं बोट धरलं ते ना. गो. कालेलकरांनी. ‘भाषा आणि संस्कृती’, ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ ही त्यांची पुस्तकं मी अजून विद्यार्थ्यांना देते. अवघड गोष्ट सरळ मराठीत सांगणारा असा माणूस या विषयाला दुसरा लाभला नाही.

आता माझ्या घराजवळची गोष्ट. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाड गावावर 1971 साली एक निबंध प्रसिद्ध केला. जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गात तो शिकवला जातो. गावात जैन आणि लिंगायत घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी, थोडे लोक तेलुगू. शतकानुशतकं शेतावर, बाजारात एकत्र वावरून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्द बदलले तरी साचा तोच राहतो, असं त्यांनी मांडलं. तिथली मराठी कानडीसारखं निर्जीवाला नपुंसकलिंगी करते, म्हणून नदीसुद्धा ‘आलं’. तिथल्या उर्दूने मराठीतला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद उचलला. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडची पुन्हा पाहणी केली आणि 2016 साली त्या निष्कर्षांची चिकित्सा छापली.

हा निबंध मी बी.ए.ला असताना कुणी नावानेही सांगितला नाही. परीक्षेचं ठिकाण कुपवाडपासून काही किलोमीटरवर होतं, आणि आम्ही पाठ करत होतो इंग्रजीतून आलेली उदाहरणं. त्याच कुपवाडच्या बाजूची मुलगी माझ्या वर्गात एकदा ‘नदी आलं’ म्हणाली आणि बाकीची हसली. ती मुलगी चुकत नव्हती. तिच्या तोंडी आजूबाजूच्या चार भाषांचा इतिहास होता. त्या दिवसापासून मी गाइड बाजूला ठेवलं. एका विद्यार्थ्याला पुढे बसवायचं, इतरांनी त्याच्या घरच्या बोलीतली शंभर वाक्यं विचारून लिहून घ्यायची, मग फळ्यावर नियम मांडायचा. कुणी वडारी आणलं, कुणी कैकाडी, कुणी आजीची कानडी. स्वनिम म्हणजे काय, हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

मराठीच्या प्राध्यापकांना माझं सांगणं एवढंच आहे. अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल, त्याची वाट पाहू नका. येत्या जूनमध्ये पहिल्या तासाला पुस्तक उघडण्याआधी वर्गात घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, ते विचारा. त्यातल्या एका विद्यार्थ्याला पुढे बसवा आणि बाकीच्यांच्या हाती वह्या द्या.