अ‍ॅव्हरेज आणि एअर फिल्टर : एका समजुतीचा इतिहास

‘फिल्टर साफ असला की अ‍ॅव्हरेज वाढते’ हे वाक्य नाशिकच्या कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळते. त्याच भरवशावर हल्ली धुऊन पुन्हा वापरायचा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर विकला जातो. कागदी फिल्टर काहीशे रुपयांना, तर हा काही हजारांना. जास्तीचे पैसे पेट्रोलमधून वसूल होतात, असे सांगतात. गेली काही वर्षे जुन्या बाजारातून गाड्यांची माहितीपुस्तके जमवताना मी या वाक्याचा माग काढत गेलो. एके काळी ते अगदी खरे होते.

मुळात धुऊन वापरायचा फिल्टर आपल्याला नवा नाही. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ‘ऑइल बाथ’ असे. आत येणारी हवा तेलाच्या भांड्यावरून एकदम वळवायची. जड धूळ वळू शकत नाही, ती तेलात बसते. उरलेली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. मिस्त्री भांडे उघडून तळाचा गाळ काढी, जाळी धुई आणि खुणेपर्यंत नवे ऑइल भरी. कागदी फिल्टर आला तो बारीक धूळ जास्त चांगली अडवतो म्हणून, विशेषतः इंजिन हळू फिरत असताना. शेतातल्या जुन्या ट्रॅक्टरांवर ऑइल बाथ अजून दिसतो.

सुती जाळीच्या फिल्टरचे कूळ वेगळे. १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘के अँड एन’ने तो प्रसिद्ध केला. शर्यतीच्या गाडीला पूर्ण वेगात जास्तीत जास्त हवा हवी असते. पेट्रोल वाचवण्याची चिंता तिथे कोणाला असणार?

ती चिंता आपल्याकडे होती. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले, १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली, आणि इंधनबचतीच्या सल्ल्यांत एअर फिल्टर साफ ठेवा हा सल्ला कायमचा बसला. तो योग्यच होता. तेव्हा रस्त्यावर फियाट, अ‍ॅम्बेसेडर होत्या. सगळा कारभार कार्ब्युरेटरचा. फिल्टर कोंदला की अर्धा चोक ओढून गाडी चालवल्यासारखे होई. हवा कमी, पेट्रोल जास्त. अमेरिकी सरकारची वाहनचालकांसाठीची माहिती सांगते की जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर बदलल्याने २ ते ६ टक्के, आणि तो पार कोंदलेला असेल तर १४ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. एवढा फरक कोणाच्याही खिशाला जाणवेल.

२००० सालच्या प्रदूषण निकषांनंतर आपल्या नव्या पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आले. आता सेन्सर हवेचा अंदाज घेतो आणि तेवढेच पेट्रोल सोडले जाते. शिवाय नेहमीच्या चालीत थ्रॉटलची झडप अर्धवटच उघडी असते, म्हणजे हवा आपणच अडवत असतो. फिल्टरने थोडी आणखी अडवली तर पाय नकळत जरा जास्त दाबला जातो, इतकेच. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम कोंदवून पाहिले. गाडी वेग पकडायला जास्त वेळ घेऊ लागली, पण पेट्रोलच्या खर्चात म्हणावा असा फरक पडला नाही. मग कोंदलेला फिल्टर काढून स्वच्छ बसवल्याने जिथे अ‍ॅव्हरेज हलत नाही, तिथे एक स्वच्छ फिल्टर काढून दुसरा बसवल्याने ते कसे हलेल?

‘मी स्वतः मोजले’ म्हणणारे भेटतात. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते. त्याचा एक टक्का म्हणजे साडेसहा लिटर. टाकी फुल करून केलेल्या मोजणीत हा एक टक्का सापडणे कठीण. टायरची हवा, एसी, द्वारकेचा ट्रॅफिक यानेच तो झाकला जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे कसारा घाट उतरून मुंबईला जाताना अ‍ॅव्हरेज चांगले पडते आणि येताना घसरते. जाताना नवा फिल्टर बसवला, तर शोध लागलाच!

डिझेलचे प्रकरण निराळे. मायको सर्कलला ज्या कारखान्याचे नाव मिळाले, त्याने डिझेलची नोझल बनवणे या शहराच्या अंगवळणी पाडले, म्हणून इथल्या जाणत्या फिटरना ते सांगावे लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा पंप हवेची चौकशी न करता डिझेल देतो. हवा कमी पडली की काळा धूर निघतो आणि डिझेल वाया जाते. तिथे ते जुने वाक्य आजही खरे आहे.

पण तिथेही धोका आहे. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने डिझेल वाचावे म्हणून ट्रॅक्टरचा कागदी फिल्टर रोज कॉम्प्रेसरची हवा मारून साफ केला. दोन हंगामांत इंजिन ऑइल पिऊ लागले. रिंगा आणि लायनर झिजले होते. काम काढले तेव्हा मी तिथे होतो. फिटरने तो फिल्टर आतून बल्ब धरून दाखवला. कागदाच्या घड्यांत टाचणीच्या टोकाएवढी भोके उजळली होती, आणि दोन वर्षे बागेतली धूळ तिथूनच सिलिंडरमध्ये जात होती.