लाल ब्रशाची भावकी

फाल्गुनात न्हावा गावातल्या आमच्या घरासमोरचा बॉटलब्रश फुलला की उजाडतानाच शिंजिरांची भांडणं सुरू होतात. जांभळ्या शिंजिराचा नर एक फांदी धरून बसतो आणि दुसरा आला की त्याच्या अंगावर धावून जातो. पलीकडे बंदराच्या क्रेन आणि कंटेनर घेऊन उभे ट्रेलर. माझी आत्या हे झाड पहिल्यांदा पाहून म्हणाली होती, "यो कनचा झार रं? बाटली धुवाचा बुरूस जसा!" नाव ठाऊक नसताना तिनं ते अचूक सांगितलं.

नावाचं मूळ तेवढंच साधं आहे. तारेच्या पिळात केस अडकवलेला, बाटलीच्या अरुंद गळ्यातून आत जाणारा ब्रश ज्यांच्या घरात रोज वापरात होता, त्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी ते दिलं. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं त्या काळातल्या माणसांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. पुढे दूध पिशवीत आलं, ब्रश तान्ह्या बाळाच्या घरापुरता उरला. शब्द मात्र झाडावर टिकला.

एक तुरा हातात धरून पाहा. लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीत. पाकळ्या पाच, हिरवट, अगदी चिमुकल्या, आणि लवकर गळतात. लाल आहेत ते पुंकेसर. एकेका फुलात त्यांचा झुबका, आणि अशी कितीतरी फुलं फांदीला चहूबाजूंनी बिलगलेली. मधल्या वाटीत मध. मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. तुरा संपला तरी फांदी संपत नाही. शेंड्यातून कोवळी पालवी फुटते आणि फांदी पुढे वाढते, ब्रशातून तार बाहेर यावी तशी. फुलं झडली की मण्यांसारखी टणक बोंडं मागे राहतात, ती वर्षानुवर्षं फांदी सोडत नाहीत. मण्यांचं एक कडं, मग पानं, मग आणखी एक कडं, असे सरलेले बहर मोजता येतात. आमच्या झाडाच्या खालच्या फांदीवर चार कडी आहेत.

या झाडाचं माहेर पूर्व ऑस्ट्रेलिया, तिथल्या ओढ्यांचे काठ आणि पाणथळ जागा. 1770 साली कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजातून जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर तिथे उतरले. त्यांनी इतक्या वनस्पती गोळा केल्या की त्या उपसागराला नावच बॉटनी बे पडलं. 1794 मध्ये विल्यम कर्टिसनं आपल्या नियतकालिकात एका बॉटलब्रशला 'सिट्रिना' हे नाव दिलं. पान चुरगळलं की लिंबासारखा वास येतो म्हणून. 1814 मध्ये रॉबर्ट ब्राउननं त्याच्यासाठी 'कॅलिस्टेमॉन' ही वेगळी प्रजाती मांडली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सुंदर पुंकेसर. अलीकडे, 2006 मध्ये, लिंडली क्रेव्हन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं ती मोडून या झाडांना 'मेलाल्युका'त नेलं. म्हणजे कायपुटीच्या तेलाचं झाड आता याचं सख्खं. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी ही सगळी भावकी. जामाचं फूल पाहिलं असेल तर हे पटायला वेळ लागत नाही. तोच ब्रश, फक्त पांढरा.

झाडांच्या समुद्रप्रवासात एक बाटलीही आहे. 1829 मध्ये लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरानं बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. तिच्यातल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला त्याला दिसला. त्यावरून त्यानं काचेच्या बंद पेट्या केल्या. 1833 मध्ये अशा पेट्यांतली रोपं सिडनीला जिवंत पोहोचली, आणि परतीच्या वाटेवर त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियाची रोपं लंडनला गेली. इथे कंटेनर उतरताना पाहिले की मला त्या पेट्या आठवतात. आता मात्र बंदरावर वनस्पती तपासणीचं केंद्र आहे, आणि ते हवंच. या कुळाला लागणारा एक तांबेरा 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात शिरला आणि तिथल्या रानात पसरला. परदेशातून कुणी खिशात बी घालून आणू नये. आपल्या जांभळाचा आणि पेरूचा जीव त्यात गुंतला आहे.

माहेरी याचा मध हनीईटर नावाचे पक्षी पितात, त्यांच्या जिभेचं टोकही ब्रशासारखं. आपल्या शिंजिराची जीभ नळीसारखी, पण ती इथे तितकीच चालते. पळस, पांगारा, काटेसावर या लाल फुलांची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. भरावाच्या जमिनीवर वसाहती झाल्या, तिथे ती झाडं क्वचितच दिसतात; त्या रिकाम्या जागी या पाहुण्यानं पंगत मांडली. मधमाश्याही येतात. पण ही खानावळ आहे, बाळंतघर नाही. शिंजिराची पिल्लं नुसत्या मधावर वाढत नाहीत, त्यांना कोळी आणि किडे लागतात. याच्या तेलकट पानांवर फारशा अळ्या पोसत नाहीत. म्हणून शेजारी लिंबू आणि कढीपत्ता हवाच. त्यांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

लावायला अवघड नाही. ऊन भरपूर हवं, पहिली दोन वर्षं पाणी चुकवू नये. पावसाच्या सुरुवातीला वीतभर, अर्धवट जून फांदी लावली तर धरते. बियांपासून करायचं तर बोंडांची फांदी कागदावर उन्हात ठेवा. बोंडं उघडून तपकिरीसारखं बारीक बी पडतं. ते मातीत पुरू नका, वर भुरभुरा. छाटणी बहर सरताच, तुऱ्याच्या लगेच खाली. मी एकदा पावसाळा संपल्यावर कात्री चालवली, आणि त्या फाल्गुनात झाडावर तीनच तुरे आले. शिंजीर येऊन परत गेले.

गेल्या आषाढात कुंपणाशी पांगाऱ्याचा एक जाड खुंट रोवला. त्याला आता नऊ पानं आहेत.