माळ्यावरच्या पेटीतली चांदी

यवतमाळ, दारव्हा, पुसदकडच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात फोटो. दोन फोटो शेजारी ठेवून बघा. १९६५ च्या सुमाराचा आजीचा काळा-पांढरा फोटो अजून ठसठशीत असतो. १९८५ ची आत्याच्या लग्नाची रंगीत प्रिंट मात्र तांबूस पडलेली. धाकटा फोटो आधी का म्हातारा झाला?

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. त्या काळी अनेक मध्यमवर्गीय घरांत आलेला कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. ऊन आहे की ढग, एवढं बघायचं आणि खटका दाबायचा. १२० च्या रोलवर फोटो बारा. बारा म्हणजे बाराच! म्हणून कोणाला कुठे उभं करायचं, यावर घरात खल व्हायचा.

रोल परदेशी असो की उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ (तिथलं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं), आतली गोष्ट एकच: जिलेटिनमध्ये बसवलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण. प्रकाश पडला की कणावर चांदीचे जेमतेम चार-पाच अणू तयार होतात. डोळ्याला काही दिसत नाही. फोटो निघालेला असतो, पण तो कुणीच पाहिलेला नसतो! रोल संपून स्टुडिओत धुतला जाईपर्यंत तो तसाच अंधारात थांबतो. मग डेव्हलपर त्या चार अणूंना धरून अख्ख्या कणाची चांदी करतो आणि हायपो उरलेलं ब्रोमाइड काढून टाकतो. जुन्या कॅमेऱ्याची आठवण काढणारे लोक जिला ‘वाट बघण्यातली मजा’ म्हणतात, ती मला तरी अर्धी या चार अणूंची वाटते.

म्हणजे आजीचा फोटो खरोखर चांदीचा आहे. नीट धुतला असेल तर टिकतो. हायपो राहिला तर पिवळा पडतो. रंगीत प्रिंटमध्ये मात्र धुतानाच चांदी काढून टाकतात, उरतात ते नुसते रंग. त्या काळच्या कागदांवर निळसर रंग सगळ्यांत कच्चा. तो आधी गेला, म्हणून आत्या तांबूस.

खरी काळजी निगेटिव्हची आहे. तिची फिल्म बहुधा अॅसिटेटची. उष्णता आणि दमटपणात ती सडते, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आणि सुटलेलं आम्ल पुढची सड आणखी वाढवतं. अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांमागे दुप्पट होतो. आता आपल्याकडचा मे महिना आठवा आणि पत्र्याखालचा माळा आठवा.

जातंय काय? शकुंतला एक्सप्रेसला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. यवतमाळ स्टेशनात त्या इंजिनासमोर उभं राहून कुणाच्या मामांनी फोटो काढून घेतला असेल, तर तो घरगुती फोटो राहत नाही, जिल्ह्याच्या इतिहासाचा कागद होतो. आता ती गाडीही बंद आहे.

तेव्हा या उन्हाळ्याआधी पेटी खाली आणा बरं का. आंबूस वास येणारे रोल वेगळे काढा, बाकीचे प्लास्टिकमधून काढून साध्या कागदी पाकिटांत ठेवा, खालच्या थंड, कोरड्या खोलीत. मोबाइलचा पडदा पांढरा करून निगेटिव्ह त्याच्यापुढे जराशी वर धरा, दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या आणि रंग उलटे करा. पाकिटावर नावं लिहायची ती पेन्सिलने, आणि आजी आहे तोवर तिला विचारून.