टेकाडाची साक्ष

गड म्हटला की आपणा महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. डोंगर निसर्गाने दिलेला. माणसाने त्यावर तट आणि बुरूज तेवढे चढविले. पण जेथे डोंगरच नाही तेथे काय करावे? नॉर्मन लोकांचे उत्तर सरळ होते : आधी डोंगर रचावा!

1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने 1068-69 मध्ये यॉर्क शहरी ऊझ नदीच्या दोन्ही तीरांवर असे किल्ले उठविले. खंदक खणावयाचा, निघालेली माती रचून चोपावयाची आणि माथ्यावर लाकडी बुरूज उभारावयाचा. दुसऱ्या किल्ल्याच्या वेळी राजा तेथे आठच दिवस होता, असे ऑर्डरिक व्हायटलिस हा इतिहासकार लिहितो. रयतेला मात्र हे काम महाग पडले. शहराच्या सात विभागांपैकी एक विभाग किल्ल्यांपायी उजाड झाला, अशी नोंद 1086 च्या डूम्सडे पाहणीत आहे.

यांपैकी एका टेकाडावर मार्च 1190 मध्ये भयंकर प्रसंग ओढवला. शहरातील सुमारे 150 ज्यूंनी जमावाच्या भयाने राजाच्या या बुरुजाचा आश्रय घेतला. वेढा पडला. सुटका नाही असे दिसताच बहुतेकांनी आत्मनाश पत्करला. अभयाच्या वचनावर जे बाहेर आले, त्यांची कत्तल झाली. बुरूज जळाला. जमावाच्या म्होरक्यांत ज्यूंचे कर्जदार सरदार होते. त्यांनी तडक मोठे चर्च गाठले आणि तेथे ठेवलेले कर्जरोखे जाळून टाकले.

कागद जळाले, माती मात्र राहिली. तेराव्या शतकात तिच्यावर दगडी बुरूज चढला. त्यालाच आज क्लिफर्ड्‌स टॉवर म्हणतात. पायथ्याशी स्मृतिशिला बसली ती 1978 मध्ये, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षांनी! आज हे टेकाड कायद्याने संरक्षित आहे. तरीही 2016 मध्ये, ते सांभाळणाऱ्या संस्थेच्याच योजनेनुसार, टेकाडाच्या पायथ्यात प्रेक्षकांसाठी इमारत बांधण्यास नगरपालिकेने परवानगी दिली. नागरिकांनी कडवा विरोध केला आणि 2018 मध्ये ती योजना सोडून द्यावी लागली.

मातीच्या ढिगासाठी एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, पडलेला दगड पुन्हा बसविता येतो. पण मातीचे थर एकदा उपसले की त्यांतील इतिहास पुन्हा रचता येत नाही. शिवाय स्मारक केवळ अभिमानाचेच असावे असे नाही. लज्जेचेही जपावे लागते. वसंतात त्या उतारावर पिवळी डॅफोडिल फुले फुलतात. ती पाहणाऱ्याने खालची माती विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे.