प्रेक्षक तेच, विनोद मात्र नवा हवा!

स्टँड-अप कॉमेडी हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला. तो माणूस मात्र जुनाच आहे. एकट्याने उभं राहून लोकांना हसवणाऱ्याला आपण कधी नकलाकार म्हणालो, कधी एकपात्री कलाकार. पु. लं.नी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली. १९७९ साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन उभे राहिले. माणूस एक, पात्रं ५२! २००९ साली ते गेले, तोवर हे वऱ्हाड गावोगाव फिरत होतं.

आता आमच्या शेळगावाकडे, म्हणजे बारामती-इंदापूर पट्ट्यात, नाटक बघायचं तर बारामती गाठायला लागायची. आमचा विनोद जत्रेतल्या तमाशाचा. सोंगाड्याची बतावणी आणि गवळणीतली 'मावशी', म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या.

तर मुद्दा असा, की नाट्यगृहातला एकपात्री काय आणि तंबूतला सोंगाड्या काय, दोघांची एक सोय होती. मुक्काम बदलला की प्रेक्षक बदलायचे, त्यामुळे तोच विनोद उद्या पुन्हा ताजा. उलट प्रयोगागणिक त्याला धार यायची. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एकच व्हर्जन, तीस वर्षं चालवलेलं.

टीव्हीने हे गणित उलटं केलं. तिथे प्रेक्षक तेच, बदलायचा तो विनोद. एकदा दाखवलेला किस्सा एका रात्रीत अख्ख्या महाराष्ट्रात शिळा होतो. म्हणून टीव्हीवर टिकायचं असेल तर नकलाकाराला लेखक व्हावंच लागतं.

डॉ. नीलेश साबळे यांची कारकीर्द बघा. शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर, हातात नकलांची कला. झी मराठीच्या 'महाराष्ट्राचा सुपरस्टार'मध्ये ते जिंकले, पुढे 'फू बाई फू'चं सूत्रसंचालन केलं. ऑगस्ट २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि लेखन, दिग्दर्शन, सूत्रसंचालन सगळंच त्यांच्याकडे आलं. वर स्वतः पात्रंही करायची. आठवड्याला दोन भाग म्हणजे दर आठवड्याला नवं रिलीज, आणि तेही पुढची दहा वर्षं!

एवढा माल आणायचा कुठून? उपाय हुशार होता. नव्या सिनेमाची मंडळी प्रसिद्धीसाठी यायची आणि त्यांच्याच सिनेमाची त्यांच्यासमोर थट्टा व्हायची. म्हणजे कच्चा माल पाहुणाच घेऊन यायचा. शिवाय थुकरटवाडी नावाचं गाव होतं, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे अशी जमलेली टोळी होती. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचे, तेव्हा हसणारं घर एकदम गप्प व्हायचं. लिखाणाची ताकद ती हीच.

पण दहा वर्षं फार असतात हो. पुरुषांनी साडी नेसायची, ती पुन्हा पुन्हा. लोक कुरकुरायला लागले. गंमत अशी, की तमाशातली मावशी पिढ्यान् पिढ्या चालली, कारण ती वर्षातून एकदा गावात यायची. दर आठवड्याला घरात आली असती तर तिचाही कंटाळा आलाच असता. विनोद वाईट होता असं नाही, तो रोजच्या रतिबाला लागला होता.

मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला. साबळे त्याआधीच बाहेर पडले होते. एप्रिलमध्ये भाऊ कदमांना सोबत घेऊन ते कलर्स मराठीवर नवा कार्यक्रम घेऊन आले. तो फार चालला नाही. नाव होतं 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आपण ते प्रेक्षकांना उद्देशून आहे असं समजत होतो. पण दर आठवड्याला कोरा कागद पुढे घेऊन बसणाऱ्या लेखकाच्या बाजूने वाचलं, तर त्यातला 'च' चांगलाच जड आहे.