ऐकतोयस ना रे?

गेल्या महिन्यात माझ्यामुळे एक ट्रक चुकीचा माल भरून निघाला. म्हणजे ट्रकला मी हात लावला नव्हता, मी फक्त कोड लिहिला होता. आमच्या एका ग्राहक कंपनीच्या गोदामात एक स्क्रीन लावलेली आहे. कुठला माल किती शिल्लक आहे, ते आकडे तिच्यावर सतत बदलत असतात. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ते आकडे बदलेचनात. कोपऱ्यातला 'कनेक्टेड'चा हिरवा दिवा मात्र झकास चालू! तिथल्या लोकांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि जुन्या आकड्यांवर गाडी भरली. एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. माझा प्रोग्राम शहाण्या मुलासारखा पुढच्या आकड्याची वाट बघत बसला होता.

दुरुस्ती त्याच रात्री झाली, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. वाट किती वेळ बघायची, हे ठरवायचं राहूनच कसं गेलं? उत्तर शोधत मागे मागे गेलो तो थेट 1984 सालात जाऊन पोचलो. आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडक्यात, रिमोट प्रोसिजर कॉल म्हणजे काय? आपण एखादं फंक्शन बोलावतो, ते चालतं दुसऱ्याच मशिनवर, पण कोड मात्र ते आपल्याच मशिनवर असल्यासारखा लिहायचा. मधे 'स्टब' नावाचा एक दलाल असतो. तो आपली माहिती पाकिटात भरून पाठवतो, आलेलं उत्तर उघडून आपल्या हातात देतो. नेटवर्क वगैरे आपल्याला दिसतच नाही.

ही कल्पना तशी जुनी. 1976 मध्ये जेम्स व्हाइट यांनी आरएफसी 707 मध्ये आर्पानेटसाठी ती मांडली होती. पण तिला आजचं रूप दिलं ते झेरॉक्स पार्कमधल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या दोघांनी, 1984 च्या त्यांच्या पेपरात. त्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. काहीही न करणारा कॉल त्यांच्या डोराडो मशिनवर स्थानिक पातळीवर 9 मायक्रोसेकंदांत होई. तोच कॉल 3 मेगाबिटच्या इथरनेटवरून दुसऱ्या मशिनवर केला, की साधारण 1100 मायक्रोसेकंद! म्हणजे शंभरपटीहून जास्त. तरीही दोन्ही कॉल दिसायला सारखेच हवेत, हा त्यांचा आग्रह.

आणि इथेच मला माझा ट्रक सापडला. त्यांनी जाणूनबुजून ठरवलं होतं, की समोरचं मशिन जिवंत असेल तोवर कॉलला वेळेची मर्यादा नाही. कारण? साध्या फंक्शन कॉलला कुठे असते मर्यादा! पण ते दोघे भोळे नव्हते. उत्तराला वेळ लागला, तर कॉल करणारा अधूनमधून एक छोटं पाकीट पाठवून विचारायचा, "आहेस ना?" पोच आली नाही, तर कॉल फसला असं समजायचं.

माझी आई फोनवर अगदी हेच करते. ती बोलत असताना मी दोन-तीन वाक्यं 'हं' म्हटलं नाही, की लगेच, "ऐकतोयस ना रे?" :-)

बिरेल-नेल्सन यांचा कॉल मुळात एक प्रश्न, एक उत्तर असा होता. एकाच दिशेने भरपूर माहिती पाठवायची असेल तर दुसरे मार्ग बरे, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पण जग काही एका प्रश्नात आटपत नाही. शेअरचे भाव, गोदामातला माल, गाडी कुठे पोचली... ह्यात प्रश्न एकदाच विचारला जातो आणि उत्तरं येतच राहतात. 1988 साली ह्यावर बरीच चर्चा झालेली दिसते. अ‍ॅमस्टरडॅमहून टॅनेनबाम आणि व्हॅन रेनेसे यांनी टीका केली. युनिक्सच्या पाइपलाइनमध्ये क्लायंट कोण आणि सर्व्हर कोण, असा त्यांचा एक सवाल होता. त्याच वर्षी एमआयटीच्या बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी उत्तराची वाट न बघता एकामागून एक कॉल सोडत जाण्याची पद्धत मांडली. मग 1994 मध्ये सन कंपनीच्या जिम वाल्डो आणि मंडळींनी स्पष्टच सांगितलं, की जवळचं आणि दूरचं एकसारखं दाखवणं हीच चूक आहे. दूरच्या कॉलमध्ये अर्धी यंत्रणा मेलेली आणि अर्धी जिवंत असू शकते.

ह्या सगळ्याचा आज माझ्या हातात असलेला वारस म्हणजे जीआरपीसी. गूगलने आपल्या अंतर्गत 'स्टबी'च्या अनुभवावरून तो घडवला आणि 2015 मध्ये खुला केला. एचटीटीपी/2 वर चालतो, त्यामुळे एकाच कनेक्शनवर अनेक प्रवाह सुखाने नांदतात. त्यात कॉलचे चार प्रकार: साधा, सर्व्हरकडून प्रवाह, क्लायंटकडून प्रवाह आणि दोन्हीकडून. माझा कॉल दुसऱ्या प्रकारातला.

आता गंमत बघा. जीआरपीसीमध्ये तुम्ही स्वतः डेडलाइन दिली नाही, तर कॉल अमर्याद वाट बघतो. अगदी 1984 सारखं. पण "आहेस ना?" विचारणारं किपअलाइव्ह क्लायंटमध्ये सहसा बंद असतं, ते आपण चालू करायचं असतं. म्हणजे पूर्वजांची वाट बघायची सवय मी उचलली आणि चौकशी करायची विसरलो! जेवणाच्या सुट्टीत मालाची हालचाल नव्हती. मधल्या फायरवॉलने रिकामं कनेक्शन गुपचूप टाकून दिलं. माझा क्लायंट फक्त ऐकणारा, स्वतः काहीच पाठवत नव्हता, मग त्याला कळणार कसं?

त्या रात्री मी घाईत दर 10 सेकंदांनी पिंग लावला. तर सर्व्हरनेच 'फार पिंग झाले' म्हणून कनेक्शन तोडलं! सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन पिंगमध्ये 5 मिनिटांचं अंतर अपेक्षित असतं. मग दोन्ही बाजूंना जुळेल असा आकडा ठरवला. प्रवाहाला अर्ध्या तासाची डेडलाइन दिली. ती संपली की क्लायंट शेवटच्या मिळालेल्या क्रमांकापासून पुन्हा मागतो. आणि हिरवा दिवा काढून टाकला. त्या जागी आता शेवटचा निरोप किती वाजता आला ती वेळ दिसते. सर्व्हरही माल हलो न हलो, दर मिनिटाला एक 'हं' पाठवतो.

ट्रक परत आला, माल बदलला, मी गोदामाच्या मॅनेजरला फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, आकडे दिसले नसते तर आम्ही मोजून घेतलं असतं. दिसले म्हणून फसलो."

असो. सोमवारी ऑफिसला गेलात, की आपापल्या कोडमध्ये डेडलाइन दिलीये का, तेवढं बघून घ्या. मी आईला फोन करतो, बराच वेळ 'हं' म्हटलेलं नाही.