धोडपच्या भिंतीवर उभे राहून

पायाखाली पायथ्याच्या हट्टी गावाची पायवाट शोधू नका. अजून गाव नाही, वाट नाही, डोंगरही नाही. काळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. जमिनीला भेगा पडताहेत आणि त्यांतून लाव्हा उसळतोय. एक थर पसरतो, थिजतो, त्यावर दुसरा चढतो. एका उभ्या भेगेत शिरलेला रस मात्र तिथंच गोठतो. त्याच्याकडे नीट बघून ठेवा. पुढं लाखो वर्षं ऊन-पाऊस भोवतालचा खडक झिजवत राहील आणि हा चिवट पाषाण तेवढा उघडा पडेल. भूशास्त्रज्ञ त्याला डाइक म्हणतात, आपण धोडपची भिंत म्हणतो.

आता त्याच भिंतीवर या. वारा अंगावर येतो, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि पुढं चौकटीसारखी कापलेली ती प्रसिद्ध खाच. मागं धोडप किल्ल्याचा माथा, सुमारे 1,470 मीटर उंच. पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग. पूर्वेला कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड. ही सातमाळा रांग. उंचीच्या हिशोबात हिमालयापुढं ती बुटकीच, पण नाशिक जिल्ह्यात पाण्याचा न्याय तीच करते. उत्तर उतारावर पडलेला थेंब गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्रात जातो, दक्षिणेचा गोदावरीतून बंगालच्या उपसागरात.

पाण्याप्रमाणे माणसांनाही ही रांग ओलांडताना वाट विचारावी लागे. खानदेशातून किंवा सुरतेकडून दख्खनेत उतरायचं तर इथल्या खिंडी चुकत नाहीत. म्हणून तर जवळपास प्रत्येक शिखरावर किल्ला. 1636 मध्ये शहाजहानचा सरदार अलावर्दी खान एकामागून एक किल्ला घेत सुटला, तेव्हाचा फारसी शिलालेख इंद्राईच्या कातळात कोरलेल्या वाटेवर आजही आहे.

17 ऑक्टोबर 1670. तुम्ही याच रांगेतल्या कांचन-मांचनच्या घाटात उभे आहात. शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत निघालेत, लादलेली घोडी खिंडीतून पुढं काढायची आहेत आणि चांदवडच्या बाजूनं मोगल सरदार दाऊद खान कुरेशी येऊन ठेपलाय. फटफटायला लागतं. मोगलांच्या आघाडीचा इखलास खान बाकी फौजेची वाट न बघता तुटून पडतो आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली येतो. बखरकार सभासद सांगतो, महाराज स्वतः बखतर घालून, हाती पट्टे चढवून लढाईत उतरले. उघड्या रानात मोगलांशी समोरासमोर झुंज देऊन मराठ्यांनी रस्ता मोकळा केला. सुरतेची लूट सगळ्यांना ठाऊक असते. ती स्वराज्यात पोचली ती या घाटातल्या झुंजीमुळं, आणि तिचं नाव घेणारे फार थोडे. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जून 1768. पुन्हा धोडप, पण या वेळी दोन्हीकडे भगवाच. राघोबादादांनी इथं फौज जमवली आहे आणि पुतण्या माधवराव पेशवे चालून आलेत. 10 तारखेला दादांचा पराभव होतो आणि त्यांची रवानगी शनिवारवाड्यात नजरकैदेत. मग 1818. इंग्रज या रांगेतले किल्ले झपाट्यानं घेतात. राजधेरच्या तुटलेल्या कातळवाटेवर आज लोखंडी शिडी चढताना तेव्हाची पडझड हाताला लागते.

आता आजच्या काळात या. हट्टीतून दोन-अडीच तासांची चढण, मध्ये माचीवर सोनारवाडी, मग दरवाजे, तटबंदी, माथ्याच्या पायथ्याशी देवीची गुहा आणि तिथून भिंतीकडे आडवी वाट. नवख्यांना धोडप झेपतो. सरावलेल्यांनी रवळ्या-जवळ्या किंवा अचला-अहिवंत जोडून करावेत. प्रस्तरारोहकांसाठी शेजारचा इखारा सुळका आहे, दोर आणि जाणता नेता असेल तरच. पावसाळ्यात हिरवाई अफाट असते, पण ओल्या भिंतीच्या टोकाशी वाऱ्यात जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम: आभाळ स्वच्छ, रांग शेवटपर्यंत दिसते.

एक मात्र पाळा. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतील. छिन्नी-हातोड्यानं, माणसांच्या हातांनी खोदलेली. गडावरचा प्रत्येक माणूस या पाण्यावर जगला, वेढ्यातही. आजही गुहेत मुक्काम करणाऱ्यांना त्याचाच आधार आहे. पिण्याच्या टाक्यात उतरू नका, पाय धुऊ नका, रिकामी बाटली टाकू नका. दुसऱ्याची दिसली तर उचलून खाली हट्टीत आणा.